दोन मिलिमीटर आत

एमआयडीसीतल्या काचेच्या दुकानात
मशीनने सगळे आकडे हिरवे दाखवले.
पोरगा म्हणाला, मॅडम, एकदम परफेक्ट.
कागद छापून दिला, अठराशे घेतले.
आणि कुवारबावच्या पुढे गाडी पुन्हा डावीकडे निघाली,
जत्रेत खेळण्यांच्या दुकानाकडे ओढणाऱ्या पोरासारखी.

दोन सीटची, बुटकी, सव्वीस वर्षांची गाडी.
निवृत्तीच्या पैशातून घेतली तेव्हा
भावाने विचारलं होतं, यात भाजी कुठे ठेवणार?

राजिवड्यात इस्माईल होडेकर.
पाटी नाही. वडील जिथे होड्या बांधायचे
त्याच शेडमध्ये हा गाड्या घेतो.
आधी काही न बोलता टायरवरून तळहात फिरवला,
बाहेरून आत. बाहेर नक्षी शाबूत,
आतल्या कडेला तार लागली हाताला.
बैलाचा झिजलेला खूर बघून
मी खांद्याचं दुखणं सांगायचे, एकतीस वर्षं.
म्हणून गप्प उभी राहिले.

कागद त्याने वाचला, नीट, दोनदा.
"आकडे खोटे नायत. पण गाडी रिकामी होती ना?
ताई, वजन किती तुमचं?"
हा प्रश्न इतक्या गंभीरपणे
मला डॉक्टरनेही विचारला नव्हता.
एकाहत्तर, म्हणाले.
"शेजारी कोण बसतं?"
कुत्रा. चौदा किलो. पण रोज नाही.
"रोज नाय, तर अर्धा धरू."
जाळ्याचं सात किलो शिसं आणून ठेवलं डाव्या सीटवर.
"तुम्ही बसा आत. चिरे ठेवले असते,
पण चिरा श्वास घेत नाय."

मग पाण्याची नळी घेऊन जमीन तपासली.
एका चाकाखाली लादी, त्यावर जाडं मीठ, त्यावर दुसरी लादी,
चाक अडून राहू नये, हवं तिकडे सरकावं म्हणून.
दोन्ही अंगांनी तंगूस ताणली,
सुरमई ओढायची तीच, निळसर,
ऊन पडलं तरच दिसणारी.
ओळंब्यालाही शिसंच.
मी सुकाणू धरून बसले.
"मोबाईल नको ताई, मान वाकते."

खाऱ्या वाऱ्याने नट धरला होता.
रॉकेल मिळत नाही आता, डिझेल पाजलं,
चहा झाला, आणखी पाजलं.
अर्धा फेरा. पोलादी पट्टी. पाव फेरा मागे.
खाडीतून एक होडी धडधडत गेली
तेवढा वेळ तो थांबला,
पाणी निवल्यावर पुन्हा वाकला.

"दोन मिलिमीटर आत," गाडीखालून आवाज आला.
सरळ का नाही?
"उभी सरळ लावली तर पळताना फाकते.
उभी असताना जराशी एकमेकांकडे बघायला हवीत."

भाट्याच्या पुलावर मी हात सोडले.
एक, दोन, तीन. नवापर्यंत मोजलं.
नवाला नाक हळूच डावीकडे वळलं.
परत येऊन सांगितलं तर हसला.
"ती गाडी नाय. तो रस्ता.
पाणी उतरायला तिकडे ढाळ ठेवलाय,
तो मी कसा काढू?"
चारशे घेतले. मिठाचे वेगळे नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन पावसला गेले.
परतताना समुद्र त्याच्या बाजूला,
मान बाहेर, कान उलटे, जीभ वाऱ्यावर.
म्हणजे आज सात किलो जास्त.
ते मला सुकाणूत कळलं,
की कळल्यासारखं वाटलं,
खरंच सांगता येत नाही.